शेतांतील माळा : राखणीची पूर्वतयारी व पडण्यापासून बचाव

जोंधळा निसवला कीं शेतांत माळा घालावयाचा, ही आपल्याकडील चाल फार जुनी आहे. दिवसा पांखरांसाठीं गोफण व रात्रीं रानडुकरांसाठीं पत्र्याचा डबा, अशी राखण पिढ्यान् पिढ्या चालत आली. विदर्भांत रोही व चितळ, सोलापूर-अहिल्यानगरकडे काळवीट, कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या डोंगराळ भागांत गवे, आणि रानडुकर तर बहुतेक सर्वत्र. त्यामुळें रानालगतच्या गांवांत मका, भुईमूग, तूर, हरभरा यांपैकीं कोणतेंही पीक राखणीवांचून धड घरीं येत नाहीं. पिकाच्या नासाडीविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु राखण करणारा माणूस माळ्यावरून पडून कायमचा अधू होतो, त्याविषयीं क्वचितच कोणी लेखणी उचलतो. वस्तुतः एक एकर जोंधळा गेला तर पुढच्या सालीं पुन्हां पेरतां येतो.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. माळा हें जनावर हांकण्याचें साधन आहे, मारण्याचें नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणांच्या शिकारीस मनाई आहे. ठार मारणें, विष घालणें, फांसे लावणें व यांपैकीं कशाचाही नुसता प्रयत्न करणें हें सर्व ‘शिकार’ या शब्दांत येतें. उभ्या पिकांस उपद्रव देणाऱ्या रोही व रानडुकरांविषयीं वनखात्याकडून लेखी परवानगी मिळण्याची तरतूद आहे, पण तो कागद हातीं आल्याखेरीज कोणीही शस्त्र उचलूं नये. नुकसान झालें असल्यास विलंब न करतां वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा, हें अधिक शहाणपणाचें.

तथापि शिकारी लोकांपासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शरद ऋतूंत हरणांच्या शिकारीचा परवानाबद्ध हंगाम असतो, व धनुष्यबाण घेऊन शिकार करणारे अनेक लोक झाडाला जखडलेल्या लहानशा बैठकीवर, १५ ते २० फूट उंचीवर, तासन्तास बसून राहतात. हरणापासून त्यांस भय नसतें. जायबंदी होतात ते पडल्यामुळें. म्हणून बैठकीचे पट्टे, सांखळ्या व पायऱ्या हंगामापूर्वीं तपासणें हें तेथें नेमबाजीच्या सरावाइतकेंच अगत्याचें मानलें जातें. तेथील अनुभव असा आहे कीं, स्वस्थ बसलेला मनुष्य पडतो त्यापेक्षां चढतांना, उतरतांना, आणि विशेषेंकरून शिडीवरून बैठकीवर पाय टाकतांना पडणारा अधिक. आपल्या माळ्यासही हें तंतोतंत लागू आहे. १२ फुटांवरून सुटलेला मनुष्य एका सेकंदाच्या आंत जमिनीवर येतो, व त्या वेळीं त्याचा वेग तासाला सुमारें ३० किलोमीटर असतो. मध्यें सांवरून धरीन, हा भ्रम आहे.

माळा झाडावर घालावयाचा असल्यास प्रथम झाड पारखावें. शेवगा व पांगारा यांच्यावर माणसाचा भार कधींच टाकूं नये. जांभळाची फांदी दिसावयास जाड पण स्वभावानें ठिसूळ, ती हिरवी असतांनाही कडाडते. चिंच विश्वासाची. आंबा चांगला, परंतु जुन्या आंब्याचें खोड पोकळ असण्याचा संभव असतो. कुऱ्हाडीच्या तुंब्यानें ठोकून आवाज ऐकावा, आणि बुंध्याशीं अळंबीं उगवलेलीं दिसलीं तर तें झाड सोडून द्यावें. वर आग्या मोहोळ आहे काय, तें दिवसाढवळ्या पाहून घ्यावें. तांबड्या मुंग्यांचें घरटें असलेलें झाडही टाळावें, कारण अंगाला मुंग्या डसल्या असतां दोन्ही हात फांदीला धरून राहणें थोरामोठ्यांसही साधत नाहीं.

चार मेढींचा माळा झाडावरील माळ्यापेक्षां अधिक भरंवशाचा असतो, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. मेढी अडीच ते तीन फूट पुराव्या. त्यांचा घात होतो तो जमिनीच्या पातळीशीं, कारण ओल व वाळवी तेथेंच लागते. म्हणून पुरावयाचा भाग व त्यावरील वीतभर लांकूड डांबरानें माखावें, आणि दर वर्षीं त्या जागीं सुरी टोचून पाहावी. सुरी सहज आंत शिरली तर वरून लांकूड कितीही टणक दिसो, मेढ बदलावी. मेढी नुसत्या उभ्या ठेवूं नयेत. दोन बाजूंस तरी तिरपे आधार ठोकावे, नाहींतर वाऱ्यानें माळा डुलूं लागतो व बांधण सैल पडते. गेल्या वर्षाची दोरी पुन्हां वापरण्याचा मोह आवरावा. काथ्या व अंबाडीची दोरी पावसानें कुजते. प्लास्टिकची दोरी उन्हानें आंतून मरते, आणि मोडेपर्यंत तिचा रंग तेवढा उतरलेला दिसतो. तिन्ही बाजूंस कंबरेइतका कठडा असावा व शिडीच्या बाजूस आडवा काढतां येणारा दांडा. माळा तयार झाल्यावर त्यावर बसणाऱ्या माणसांच्या दुप्पट वजनाचीं मातीचीं पोतीं एक रात्र ठेवावीं. हा खटाटोप कित्येकांस हास्यास्पद वाटेल. पण पोतें पडल्यानें कोणाची कंबर मोडत नाहीं.

उंची किती असावी? पीक नजरेखालीं येईल इतकी. जोंधळ्याला व मक्याला १० फूट पुरतात. त्यावर चढविलेला प्रत्येक फूट केवळ हौसेचा.

शिडीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. आमच्या शिवारांत एक अनुभवी सालगडी माळ्यावरून पडला तो पहांटे, राखण संपवून उतरतांना. एका हातांत कंदील, दुसऱ्यांत घोंगडी, आणि शिडी वरच्या टोकास बांधलेली नव्हती. शिडी खालीं व वर, दोन्हीकडे जखडलेली असावी, आणि माळ्याच्या फळीपासून निदान तीन फूट वर निघालेली असावी, म्हणजे पाय टाकतांना धरावयास कांहीं उरतें. चढतां-उतरतांना दोन हात व दोन पाय या चारांपैकीं तीन सदैव शिडीला टेकलेले असले पाहिजेत. अर्थातच हातांत कांहीं घ्यावयाचें नाहीं. डबा, घोंगडी, पाण्याचें भांडें, गोफण हें सर्व वर गेल्यावर सुतळीनें ओढून घ्यावें व उतरण्यापूर्वीं सुतळीनेंच खालीं सोडावें. अमेरिकन शिकारी आपलें धनुष्यही असेंच ओढून घेतात. वहाणा दंवानें ओल्या झाल्या असल्यास त्याही सुतळीला बांधाव्या.

आतां पट्ट्याविषयीं. कंबरेला दोरी बांधून झोंप काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती धोक्याची आहे. पडणाऱ्या माणसाचा सर्व हिसका एका दोरीनें पोटावर व बरगड्यांवर येतो, आणि लोंबकळत असतां श्वास कोंडतो. उंच इमारतींवरील कामगार खांदे, छाती व मांड्या यांस घेरणारा पट्टा घालतात, तो घ्यावा. त्यावर भारतीय मानक ३५२१ चा उल्लेख आहे काय, तें पाहावें. पट्ट्याची दोरी डोक्याच्या उंचीवर, मजबूत खोडाला किंवा स्वतंत्र खांबाला बांधावी, माळ्याच्या कठड्याला नव्हे. आणि बसलें असतां ती जवळ जवळ ताठ राहील इतकी आंखूड ठेवावी. सहा फूट सैल दोरी म्हणजे सहा फुटांचा हिसका.

चढतांनाही बांधलेलें राहावयाचें असल्यास एक सोपी युक्ति आहे. वरच्या खोडापासून जमिनीपर्यंत एक जाड दोर कायमचा सोडावा, व त्यावर बारीक पण मजबूत दोरीच्या वेढ्याची सरकगांठ घालावी. ही गांठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केली : वेढा मुख्य दोराभोंवतीं तीनदां आपल्याच फांसांतून काढावयाचा. हातानें ढकलली तर ती सरकते, भार पडला तर घट्ट आंवळते. वेढ्याची दोरी मुख्य दोरापेक्षां बारीक असली पाहिजे, एरवीं ती पकड घेत नाहीं. पहिला प्रयोग हातभर उंचीवर करून पाहावा.

पट्ट्यानें वांचविलें तरी काम संपत नाहीं. निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त सांचतें, व थोड्याच मिनिटांत त्यास घेरी येण्याचा संभव असतो. म्हणून पाय सारखे हालवीत राहावें. पट्ट्याला एक दोरीची रिकीब अडकवून ठेवावी, म्हणजे तींत पाय घालून उभें राहतां येतें. याच कारणास्तव राखणीस एकट्यानें जाऊं नये. तें शक्यच नसेल तर भ्रमणध्वनि खिशांत, अंगाशीं ठेवावा. फळीवर ठेवलेला उपयोगी पडत नाहीं. कोणी खालीं पडलाच तर त्याला उठवून बसविण्याची घाई करूं नये. पाठीचा कणा दुखावला असल्यास तेवढ्या हालचालीनें पाय कायमचे लुळे पडूं शकतात. मान न हालवितां आहे तसाच ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि हलविणें भागच पडलें तर दरवाजाच्या फळीवर, चौघांनीं एकदम उचलून.

गोफण मारतांना उभ्या माणसाचें सर्व अंग एका बाजूस झुकतें व दगड सुटतांच तोल जातो. म्हणून ती माळ्याच्या मध्यावरून, पट्टा बांधूनच फिरवावी. माळ्यावर शेकोटी वा शेगडी नको. मद्य प्यालेल्यास तर शिडीलाही हात लावूं देऊं नये.

परतीच्या पावसांत ढग गडगडूं लागले कीं पिकाची चिंता सोडून उतरावें व पक्क्या घरांत जावें. सपाट शिवारांत माळा हीच सर्वांत उंच वस्तु असते, आणि झाडाखालीं थांबणें तितकेंच घातक. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतूं नये. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें साधन भ्रमणध्वनीवर विजेची आगाऊ सूचना देतें. तें मुलांकडून घालून घ्यावें.

शेवटीं कुंपणाचें. तारेंत घरची वीज सोडण्याचा प्रकार अद्यापि चालतो. त्यानें रानडुकरासवें शेजारी, गुरें, वाघ व स्वतः मालकही मेलेले आहेत. अंधारांत माळ्यावरून उतरून घाईनें डुकरामागें धांवणारा आपलीच तार विसरतो. परवानाप्राप्त सौर कुंपणाची गोष्ट निराळी. त्यांत झटका सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता येतो व मध्यें खंड असतो, त्यामुळें जनावर दचकून सुटतें.

मळणी झाली कीं शिडी काढून घरीं न्यावी व माळ्याच्या फळ्या उतरवून छपराखालीं ठेवाव्या. उन्हाळ्यांत ओस पडलेल्या माळ्यावर गुराख्यांचीं पोरें चढतात.