जीव वाचला, पुढे काय?

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर सरकारी दवाखान्यात आणलेल्या माणसाच्या केसपेपरवर ‘एमएलसी’चा (मेडिको-लीगल केस) शिक्का बसतो. पोलीस जबाब घेऊन जातात, डॉक्टर शरीर सावरतात आणि काही दिवसांत डिस्चार्ज मिळतो. घरी पोचेपर्यंत नातेवाइकांचं ठरलेलं असतं: कोणी विचारलंच, तर बीपी एकदम खाली गेलं होतं म्हणायचं. मुलगी लग्नाची असेल तर विचारायलाच नको. कपाटाच्या किल्ल्या आईच्या कमरेला जातात, बाथरूमची कडी काढली जाते, रात्री कोणीतरी शेजारी झोपतं. हा पहारा गरजेचाच असतो. पण पहारा देणारे घडल्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि ज्याच्यावर पहारा आहे तोही काढत नाही.

नेमका हाच काळ सर्वांत नाजूक. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने पुन्हा धोका वाढण्याचे असतात, हे देशोदेशीच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी, फक्त ती फारशी कोणाला ठाऊक नसते. स्वतःला इजा करून घेतलेल्या लोकांवरच्या ९० अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटिश संशोधकांनी २००२ साली घेतला. त्यातलं चित्र असं, की अशा प्रसंगातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे बहुतेकांपुढे एक लांबलचक आयुष्य असतं. ते कोणाशी बोलत काढायचं, हा प्रश्न उरतो.

त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे गट. औषधं आणि एकट्याने घ्यायचे उपचार चालू ठेवून, त्याच अनुभवातून गेलेल्या आठ-दहा जणांसोबत आठवड्यातून एकदा बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण बसून करायचं काय, यावर तज्ज्ञांच्या वाटा चक्क विरुद्ध दिशांना गेल्या.

पहिली वाट बोलण्याची. लॉस एंजेलिसमध्ये १९५८ साली एडविन श्नाइडमन, नॉर्मन फॅरबरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केलं. पुढे ते डिडी हर्श या संस्थेकडे आलं आणि २०११ पासून तिथे प्रयत्नातून वाचलेल्यांचे गट चालू झाले. एक गट आठ आठवड्यांचा. तो चालवायला दोघं: एक प्रशिक्षित मानसोपचारक आणि दुसरी व्यक्ती स्वतः त्यातून गेलेली. ही दुसरी खुर्ची महत्त्वाची. पांढरा कोट नसलेलं कोणीतरी समोर बसलेलं असतं, त्यातून तरलेलं असतं, नोकरीबिकरी करत असतं. घरच्यांना किती सांगायचं, ऑफिसातली रजा कशी समजावायची, भावाने चिडून ‘आमचा विचार केला नाहीस’ म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, विचार पुन्हा डोकं वर काढू लागला तर पहिला फोन कोणाला लावायचा, असे रोकडे विषय इथे निघतात. काय केलं, कसं केलं, याचा तपशील मात्र अशा गटांत टाळला जातो; ऐकणाऱ्यांतलं कोण त्या दिवशी किती कच्चं आहे, हे सांगता येत नाही.

अशा ठिकाणी ‘या आठवड्यात विचार परत आला होता’ एवढं वाक्य मोठ्याने म्हणता येणं, हाच अनेकांसाठी मोठा बदल असतो. घरी हेच म्हटलं तर रडारड होते, नाहीतर दवाखान्यात न्यायला गाडी काढली जाते. विचार येणं वेगळं आणि तो अमलात आणण्याचा बेत असणं वेगळं. गट चालवणाऱ्यांना हा फरक ओळखता आला पाहिजे आणि बेत दिसला तर गट बाजूला ठेवून तातडीने हालचालही करता आली पाहिजे.

दुसरी वाट निघाली सिअॅटलमधून, मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या हातून. त्यांची ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, म्हणजेच डीबीटी, आज जगभर वापरली जाते. तिच्या गटाला गट म्हणण्यापेक्षा वर्ग म्हटलेलं बरं. साधारण दोन-अडीच तासांची बैठक. आधी घरचा अभ्यास तपासायचा, मधे सुट्टी, मग नवा धडा. इथे आपली कर्मकहाणी सांगायची नसते. ती वैयक्तिक भेटीत. गटात शिकायचं ते चार प्रकारचं कसब: मन वर्तमानात ठेवणं, असह्य घटका निभावून नेणं, भावना आवरणं आणि माणसांशी नीट वागता-बोलता येणं. पूर्ण पाठ्यक्रम सुमारे सहा महिन्यांचा, आणि बरेच जण तो दोनदा करतात.

एक धडा जवळून बघण्यासारखा आहे. भावनेचा कडेलोट होतोय असं वाटलं, की भांड्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखायचा आणि चेहरा त्यात बुडवून अर्ध्या मिनिटापर्यंत धरायचा. पाण्यात बुडी मारताना शरीर जे करतं तेच इथे घडतं: हृदयाचे ठोके मंदावतात आणि उसळलेलं शरीर काही क्षण खाली येतं. (हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.) प्रश्न काही त्याने सुटत नाही. पण टोकाची ऊर्मी ही बहुधा ओसरणारी असते, आणि तेवढा वेळ पदरात पाडून घेणं हेच काम असतं.

गटाचे नियमही मजेशीर वाटावेत इतके काटेकोर. सलग चार बैठका बुडवल्या तर त्या फेरीतून नाव कटतं. गटातल्या कोणाला संकटात फोन केलात, तर त्याची मदत घ्यायची तयारी हवी. नुसतं हादरवून फोन ठेवायचा नाही.

लिनेहनबाईंनी हे सगळं पुस्तकातून काढलेलं नव्हतं. १९६१ साली, कॉलेजच्याही आधी, त्यांना हार्टफर्ड इथल्या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. तिथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या, बराच वेळ एकांत कोठडीत. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात, श्रोत्यांसमोर. तोवर त्या जगन्मान्य संशोधक झाल्या होत्या. इतक्या मोठ्या बाईंना बोलायला अर्धशतक लागलं. लग्नाच्या मुलीच्या घरच्यांना मग काय नावं ठेवायची?

आकडे काय सांगतात? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०१ स्त्रिया होत्या. डीबीटी घेतलेल्यांमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याचं प्रमाण, अनुभवी तज्ज्ञांकडे इतर उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास निम्मं निघालं. पण तिथे गट आणि वैयक्तिक उपचार दोन्ही होते, मग श्रेय कोणाचं? २०१५ साली ९९ स्त्रियांमध्ये हे वेगवेगळं करून पाहिलं गेलं. पुन्हा प्रयत्न करण्याचं प्रमाण सगळ्याच तुकड्यांत घटलं. मात्र ज्यांच्या उपचारात हा कसबांचा वर्ग होता, त्यांच्यात स्वतःला इजा करून घेणं अधिक कमी झालं.

पण म्हणून गट हा रामबाण उपाय ठरत नाही. मँचेस्टरमध्ये स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी एक गटोपचार तयार झाला. २००१ साली छोट्या चाचणीत त्याचे निकाल झकास आले आणि सगळे हरखले. पुढे ऑस्ट्रेलियात तो वापरून पाहिला, तर फायदा दिसेना. मग ब्रिटनमध्ये ३६६ मुलामुलींवर मोठी चाचणी झाली. २०११ साली निकाल आला: नेहमीच्या उपचारांवर गटाची भर घालून काही फरक पडत नाही. कोवळ्या वयात मुलं एकमेकांचं भलं जसं उचलतात तसं बुरंही उचलतात, ही शंका तेव्हापासून अभ्यासकांच्या मनात आहे. म्हणजे खुर्च्या गोलात मांडल्या की झालं, असं नाही. कोणाला घ्यायचं, कधी घ्यायचं, कोणाला अजून थांबवायचं, हे आधी नीट भेटून ठरवावं लागतं.

महाराष्ट्राला गोलात बसून मन मोकळं करण्याचं वावडं नाही. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथला गटोपचार व्यसनी माणसांच्या घरोघरी माहीत आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका आपल्या गावांत भरतात. ‘मी दारुडा आहे’ हे दहा जणांत म्हणायला आपण शिकलो. ‘मी मरायचा प्रयत्न केला होता’ हे म्हणण्यासाठीची खोली मात्र अजून शोधावी लागते.

त्यात कायद्याचाही वाटा आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. मुंबई पोलिसांतल्या एका आजारी शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरवलं, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध मानलं. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेतून वगळलं गेलं. जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलमच नाही. सरकारी नोकराला अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

त्या २०१७ च्या कायद्यातलं कलम ११५ अर्धंच वाचलं जातं. पहिला भाग शिक्षा नको म्हणतो. दुसरा भाग अशा व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन यांची सोय करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतो, पुन्हा धोका होऊ नये म्हणून. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. एका मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न असू शकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. त्या हिशेबाने डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन घरी जाणारे किती असतील! जिल्हा रुग्णालयात एक खोली, दोन तयार माणसं आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, इतक्यावर सुरुवात होऊ शकते. महागडं यंत्र नको. हवीत ती प्रशिक्षित माणसं, आणि आपल्याकडे तुटवडा त्यांचाच आहे.

तोवर घरच्यांनी डिस्चार्जच्या वेळीच मनोविकारतज्ज्ञाची पुढची तारीख घेऊन ठेवावी आणि गावात किंवा जवळच्या शहरात असा गट आहे का, हे त्यांनाच विचारावं. ऐन संकटात गटाच्या दिवसाची वाट पाहायची नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. प्रयत्न करून वाचलेली व्यक्ती तिथे फोन करू शकते, आणि तिच्या खोलीबाहेर जागणारी आईही.