'टॉम्बे' नावाची एक ओळ

आमच्या कुरखेड्यातून लढाऊ विमान दिसतं ते खडूच्या रेघेएवढं. धानाच्या बांधीत वाकलेल्या बायाही कंबर सरळ करून वर बघतात. मी पीटीचा मास्तर. बॅडमिंटन शिकवताना दमयंती तांबेंचं नाव हटकून घ्यायचो. राष्ट्रीय विजेत्या, १९७० चा अर्जुन पुरस्कार. पुढचं सांगताना मात्र जीभ अडखळायची.

त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. १९७१ च्या भारत-पाक युद्धात, ५ डिसेंबरला, त्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान पाकिस्तानात शोरकोटवरच्या हल्ल्यात पडलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच सुमारास ढाक्याच्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांत एक नाव छापून आलं: 'टॉम्बे'. तांबेच की! इंग्रजी कानाला असंच ऐकू येणार. पाकिस्तान म्हणत राहिलं, आमच्याकडे कुणी नाही. १९८३ आणि २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही.

"मग सर, सापडले का?" एका पोरीनं विचारलं.

उत्तर म्हणून तिला मी हिमालयातल्या रोहतांगकडच्या एका विमानाची गोष्ट सांगितली. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ मालवाहू विमान १०२ जणांसह बर्फात हरवलं. २००३ मध्ये पहिला देह मिळाला, २०२४ मध्ये आणखी चार. छप्पन्न वर्षांनी!

"बर्फ देतो म्हणजे परत," ती म्हणाली. रॅकेटची सुटलेली तार तिच्या बोटाभोवती गुंडाळलेली होती.

१९७१ च्या बेपत्ता जवानांच्या सरकारी यादीत ५४ नावं आहेत. तांबे त्यांतलंच एक.