आजोबांचे मिठागर

पहिल्या पिढीच्या कष्टांवर आपल्या कार्यक्रमांत भाषणे पुष्कळ होतात. वाळवंट फुलवले, देश उभा केला असे कोणी म्हटले की टाळ्या पडतात. आमचे आजोबा अशा वेळी मागच्या रांगेत बसून हळूच म्हणत, की आपण काही फुलवले नाही, आपण खारे पाणी उपसले. ते अक्षरशः खरे होते. 1963 साली मुंबई सोडून ते दिमोनाला आले आणि निवृत्त होईपर्यंत मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला, सदोमच्या पोटॅश कारखान्यात पंपांचे फिटर राहिले.

त्यांचा जन्म पेणजवळच्या खेड्यातला. घरी तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, हे वाचकांना सांगायला नकोच. घाण्यावर भागेना तेव्हा ते परळच्या गिरणीत लागले आणि तिथे फिटरकाम शिकले. दिमोना तेव्हा जेमतेम आठ वर्षांचे गाव होते. दोन खोल्या, सरकारी खाटा आणि दाराबाहेर नुसती माती. आजी सांगे की पहिला महिनाभर तिने ट्रंका सोडल्याच नाहीत, कारण परत जायचे असा तिचा पक्का समज होता. परत गेलेली कुटुंबेही तिला ठाऊक होती.

पहाटे बस निघे. दिमोना उंचावर आणि सदोम समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे रोज जवळजवळ हजार मीटरचा उतार. कान बंद होत. उन्हाळ्यात खाली पारा चाळीसच्या वर. हिब्रू त्यांना शिकवली ती मोरोक्कोहून आलेल्या सोबत्यांनी, पंप उघडता उघडता. त्यामुळे नटबोल्टांची हिब्रू नावे त्यांना पाठ होती, पण सरकारी पत्र वाचायला शेवटपर्यंत आमची गरज लागे.

आम्ही पुढे रसायनशास्त्र घेतले, डॉक्टरेट केली, तेव्हा कुठे आजोबांच्या कामाचा अर्थ लागला. पेणच्या मिठागरांत भरतीचे पाणी बांध घालून उथळ चौकोनांत अडवतात, ऊन पाणी आटवते, मीठ खाली बसते. ते ओढून घेतात आणि उरलेले कडू पाणी सोडून देतात. सदोमला याच्या उलट. मृत समुद्राचे पाणी साध्या समुद्राच्या सुमारे दहापट खारे. ते पंपाने मोठमोठ्या तळ्यांत आणतात. पहिल्या तळ्यांत साधे मीठ बसते, ते तळाशीच राहू देतात आणि कडू पाणी जपून पुढे नेतात. त्यातून कार्नलाइट बसते, म्हणजे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे जोडक्षार. ते पाण्याखालून काढून त्यावर पाण्याची प्रक्रिया केली की मॅग्नेशियम वेगळे होते आणि पोटॅश हाती येते. हे सगळे आम्ही त्यांना आकृती काढून समजावू लागलो तेव्हा ते हसले. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ते ओळखले होते. पेणला आगरी लोक जे फेकतात ते इथे विकतात, एवढ्या एका वाक्यात त्यांनी आजीला सांगून टाकले होते.

अशा पाण्यात पंप चालवणे मोठे नाजूक काम. पंप जरा थांबला की आत स्फटिक धरू लागतात आणि पंखा जाम होतो. मग गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर उघडून हाताने खरवडायचे. हाताला भेगा असत आणि भेगांत ते पाणी शिरे. कपड्यांची आणखी एक गंमत. धुवायला टाकलेली कामाची पँट आठवडाभर कोरडी होत नसे, आणि तीही वाळवंटात! आजीला वाटे कोणाची दृष्ट लागली. कारण साधे आहे, मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते. पण आजीच्या हयातीत आम्ही ते सांगितले तरी तिने मीठमोहऱ्या ओवाळणे सोडले नाही.

आजोबा रजा घेत नसत. घेतली ती 1964 च्या उन्हाळ्यात. बेने इस्राएलांनी इतर ज्यूंशी विवाह करायचा तर आधी त्यांच्या कुळाची चौकशी व्हावी, असे आदेश 1962 च्या सुमारास निघाले होते. त्याविरुद्ध जेरुसलेमला आपल्या लोकांनी धरणे धरले. आजोबा तीन दिवसांचा पगार बुडवून तिथे जाऊन बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि इतर ज्यूंइतकेच त्यांचे हक्क आहेत. आजोबा या गोष्टीवर कधी फारसे बोलत नसत. मात्र आत्याचे लग्न ठरले आणि कागदपत्रे मागितली गेली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचे ते जपून ठेवलेले कात्रण खिशात घालून नेले. लागले नाही. पण नेले.

निवृत्तीनंतर एकदाच ते पेणला जाऊन आले, 1993 मध्ये, दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळल्याच्या दुसऱ्या वर्षी. घाणा कुणाच्या लक्षातही नव्हता. एका शेतकऱ्याच्या पडवीत पोटॅशची गोणी दिसली तेव्हा ती कुठून आली हे त्यांनी खोदून खोदून विचारले. त्याला ठाऊक नव्हते. भारत जवळजवळ सगळे पोटॅश बाहेरून आणतो आणि त्यात इस्राएलचेही असते. तेवढ्यावर आजोबा दोन दिवस खूश होते.

त्यांच्यामागे एक वही आमच्याकडे आली. पंपांचे क्रमांक, कोणाचे पॅकिंग किती दिवसांनी बदलायचे, कोणता पंप रात्री आवाज करतो, हे सारे मराठीत. कारखान्यातला तरुण इंजिनिअर ते निवृत्त झाल्यावरही कधीकधी घरी फोन करी, आणि आजोबा वही उघडून हिब्रूत उत्तर देत. त्यातले बरेच पंप आता मोडीत निघाले. वहीची झेरॉक्स मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. कोणाच्या घरी आजोबांची वा आजींची अशी वही, पगारपत्रके, रेशनकार्डे असतील तर मूळ प्रत आपल्याकडेच ठेवून एक प्रत पुढच्या मलिद्याच्या कार्यक्रमाला घेऊन यावी.