खाऱ्या वाऱ्यातली उघड्या टपाची गाडी

पावसाचे चार महिने सोडले, तर उघड्या टपाच्या गाडीला दापोलीसारखा मुलूख महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. गाव समुद्रसपाटीपासून साधारण आठशे फुटांवर, जांभ्याच्या पठारावर वसलेलं. तिथून रस्ता आसूदच्या बागांमधून वळणं घेत मुरूड-कर्द्याकडे किंवा हर्णे-आंजर्ल्याकडे उतरतो. डिसेंबरातल्या सकाळी टप मागे टाकून हा उतार उतरावा. आधी कातळावरची कोरडी गार हवा लागते, मग सुपारीच्या बागेत नुकतंच शिंपण झालेल्या मातीचा वास येतो, आणि हर्णे जवळ आलं की वाळत घातलेल्या मासळीचा. बंद काचांच्या गाडीत यातलं काहीच पोचत नाही. म्हणूनच माणसं अशी गाडी घेतात आणि तिच्यामागे एवढे कष्टही सोसतात.

कष्ट मात्र खरोखर आहेत. दापोलीला वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जगात सर्वांत जास्त खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार म्हणजे माझ्दाची एमएक्स-५. ती १९८९ साली आली आणि २०१६ पर्यंत दहा लाखांवर गेली. ती बनते हिरोशिमात, आणि तिथला वर्षभराचा पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. युरोपात तर कापडी टपाची गाडी हिवाळ्यात झाकून ठेवतात, कारण तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथली पुस्तकं आणि गाडीसोबत येणारी माहितीपत्रकं याच हिशेबाने लिहिलेली असतात. आपलं पंचांग उलटं आहे. आपल्याकडे हिवाळा गाडी हाकण्याचा आणि पावसाळा ती ठेवण्याचा. मीठही रस्त्यावर टाकावं लागत नाही, ते बारा महिने वाऱ्यावर येतं.

आपल्या भागात अशी गाडी घडलीच नाही असं नाही. १९९८ साली सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. कंपनी बंगळूरची, पण गाडीची बांधणी गोव्यात होत असे. रेनोचं ११४९ सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. फार थोड्या गाड्या रस्त्यावर आल्या. पण कोकणच्याच किनारपट्टीवर अशी गाडी तयार झाली, ही गोष्ट मला मोलाची वाटते, आणि फायबरची बॉडी निवडण्यात या हवेपुरतं तरी मोठं शहाणपण होतं. आज दापोलीत दिसणारी उघड्या टपाची गाडी बहुतेक वेळा नाशिकात बनणारी थार असते. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण तिचा कापडी टप आणि लाखो रुपयांच्या परदेशी रोडस्टरचा टप एकाच रोगांनी आजारी पडतात. जुन्या गाड्यांचंही तेच. कोल्हापूरला दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती ज्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात, ती अनेक दशकांपूर्वीची आहे. ती अजून चालते, कारण तिच्याकडे कुणीतरी वर्षभर लक्ष देतं. नुसती झाकून ठेवलेली मोटार इतकी वर्षं टिकत नाही.

आधी मिठाचं पाहू, कारण नुकसानीची सुरुवात तिथून होते. आपल्या जेवणातलं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. किनाऱ्याजवळची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे गाडीच्या पोटाला लागलेला खारा थर आपल्याला सुकलेला दिसला तरी पत्र्यापाशी तो ओलाच असतो, आणि गंज चालूच राहतो. त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते, फटींमध्ये घट्ट होते आणि ती ओल धरून ठेवते.

म्हणून पहिला नियम असा की गाडी पुळणीवर नेऊ नये. भरतीत रुतण्याचा धोका आहेच. वाळूवर फिरणारे खेकडे आणि कासवांची अंडी हेही एक कारण आहे, आणि तेवढं एकच पुरेसं आहे. शिवाय चाकांनी उडवलेलं खारं पाणी चेसिसच्या ज्या कोपऱ्यांत जातं तिथे हात पोचत नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावरून नुसतं जाऊन आलात तरी त्याच संध्याकाळी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं. गोड्या म्हणजे खरोखर गोड्या. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. शक्यतो वर दापोलीत येऊन धुवावी.

फायबरच्या बॉडीला गंज चढत नाही, हे सॅन स्टॉर्मसारख्या गाडीचं भाग्य. पण खालची चौकट लोखंडाचीच असते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर द्यावी लागते. खाऱ्या हवेत या वायरींची टोकं हिरवी पडतात, दिवे मंदावतात, आणि मेकॅनिक बिचारा बॅटरीवर संशय घेतो. वर्षातून एकदा ही टोकं घासून साफ करून त्यांवर व्हॅसलीनचा हात फिरवावा. बॉडीला तडा गेलाच तर घाबरून शहर गाठायची गरज नाही. कोकणातल्या बंदरांत फायबरच्या होड्या आता सर्रास आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हातही.

आता टप. चांगल्या कापडी टपात तीन थर असतात. वर विणलेलं कापड, मध्ये रबर, खाली अस्तर. पाणी अडवण्याचं खरं काम मधल्या रबराचं. स्वस्तातला किंवा जुना टप व्हायनिलचा असतो. तो पुसायला सोपा, पण उन्हाने कडक होऊन घडीवर चिरतो. दोन्हींची निगा वेगळी आणि इथेच लोकांची चूक होते. व्हायनिलचं चकचकीत करणारं पॉलिश कापडी टपाला चोळलं तर ते धाग्यांत बसून धूळ धरून ठेवतं. कापडी टपाला सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढंच पुरे. ब्रश विणीच्या दिशेने फिरवावा, फेस सुकू न देता भरपूर पाण्याने काढावा. सर्व्हिस स्टेशनवरचं जोराच्या फवाऱ्याचं पाणी शिलाईवर धरू देऊ नये. ब्लीच तर कधीच नाही, त्याने बुरशीबरोबर शिवणीचा दोराही मरतो. बुरशीचे ठिपके आलेच तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ते चोळावेत आणि टप उन्हात वाळवावा. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबून कापडात जिरू लागले की कापडासाठीचं जलरोधक द्रव्य पुन्हा मारावं. त्यासाठी टप पूर्ण कोरडा हवा, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच करावं.

सगळ्यांत कडक पाळायचा नियम म्हणजे ओला टप कधीही दुमडायचा नाही. घडीत अडकलेली ओल आणि कोकणची ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत बुरशी येते आणि तिचा वास गाडी विकेपर्यंत जात नाही. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट करावी, नाहीतर तिला घडी पडते आणि ती घडी पुढे तडकते. ती खिडकी कोरड्या फडक्याने पुसू नये. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावं. साधं ग्रीस किंवा खोबरेल लावल्यास रबर फुगतं.

झाडाखाली गाडी लावण्याबद्दल बागाईतदारांना वेगळं सांगायला नको, पण पर्यटकांना सांगायला हवं. सावली चांगली म्हणून हापूसच्या कलमाखाली गाडी लावणं महागात पडतं. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकट स्राव टाकतात. तो टपावर सारखा पडत राहतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मे महिन्यात देठाचा चीक रंगाला चट्टे पाडतो. जांभळं पिकली की पक्ष्यांच्या विष्ठेचे जांभळे डाग येतात आणि ते कापडातून पूर्ण निघत नाहीत. मांडव बरा, पडवी त्याहून बरी.

उघड्या टपाच्या गाडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असं मला विचारलं तर मी इंजिन म्हणणार नाही. मी म्हणेन, पाणी जाण्याची भोकं. टपाची मागची कड जिथे बॉडीला मिळते तिथे एक पन्हळ असते. टपावरून ओघळलेलं पाणी तीत जमतं आणि आसनांच्या मागच्या दोन नळ्यांतून गाडीखाली पडतं. या नळ्या बोटाएवढ्या. सुरूच्या सुया, आंब्याचा सुका मोहोर आणि तांबडी माती एवढ्याने त्या बुजतात. मग पाण्याला वाट राहत नाही. ते आसनामागून आत येतं, गालिच्याखाली साचतं आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरून तो आतून खातं. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि पाना लावायला जावं तर पत्रा हातात येतो. जुन्या एमएक्स-५ गाड्यांचा हा जगभरातला ठरलेला आजार आहे. इलाज मात्र फुकटचा आहे. मऊ नायलॉनची दोरी नळीतून हलकेच सारावी आणि मागून पाणी सोडावं. तार घालू नये, तिने नळी फाटते किंवा सांध्यातून निसटते. आणि मग पाणी आतल्या आत मुरत राहतं.

मे महिन्यात कोकणात आगोटीची कामं निघतात. शाकारणी होते, सरपण आत येतं, हर्ण्याला १ जूनच्या मासेमारीबंदीच्या आसपास होड्या वर ओढून झाकल्या जातात. गाडीचं वेळापत्रक मी या होड्यांवरूनच ठरवावं म्हणतो. त्या वर आल्या की गाडी आत जावी.

आत म्हणजे कुठे, यावर मतं वेगळी असतील. माझं मत असं की जागा एक तर पूर्ण बंद आणि ओल शोषणाऱ्या यंत्राची असावी, नाहीतर वर पक्कं छप्पर आणि बाजूंनी मोकळी पडवी असावी. मधली स्थिती, म्हणजे पत्र्याची अर्धवट बंद शेड, सर्वांत वाईट. दिवसा ती तापते, रात्री पत्र्याच्या आतून पाणी गळतं आणि हवा हलत नाही. शिवाय वीज जाण्याचं प्रमाण पाहता यंत्राच्या भरवशावर राहण्यापेक्षा पडवीच खरी. जांभ्याच्या भिंती पाणी पितात, तेव्हा बाहेरून गिलावा हवा. जमीन मातीची असेल तर गाडीखाली जाड प्लॅस्टिक अंथरावं, कारण चारही महिने जमिनीतून वाफ वर येत असते. गाडीवर मात्र प्लॅस्टिक अजिबात टाकू नये. श्वास घेणारं सुती किंवा तशा कापडाचं आवरण घालावं.

टप लावलेला आणि ताणलेला असावा. चार महिने दुमडून ठेवलेलं कापड आखडतं आणि सप्टेंबरात कडेपर्यंत पोचत नाही. काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या किंवा कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवावेत आणि डब्यांतलं पाणी आठवड्याला ओतून टाकावं. हँडब्रेक लावू नये, ब्रेक चिकटतात. गियरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी. बॅटरीचं ऋण टोक सोडावं. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४च्या खाली गेली की चार्ज करावी. तेल आधीच बदलावं, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहतं. पेट्रोलची टाकी भरलेली असावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीत मोकळी जागा जितकी कमी तितकं बरं. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधावी, उंदरांना पावसात तीच जागा आवडते, आणि ती काढायची आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवावी.

अधूनमधून पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याची सवय बऱ्याच घरांत असते. त्याने फायदा नाही, तोटाच होतो. इंजिन पुरतं तापत नाही आणि जळताना तयार झालेलं पाणी तेलात व सायलेन्सरमध्ये राहतं. उघडीप मिळाली तर अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणावी, नाहीतर हात लावू नये. श्रावणात ऊन पडलं की आवरण काढावं, दारं उघडावीत, टप उन्हात वाळवावा. या एका कामाने बुरशीचा निम्मा प्रश्न सुटतो.

ज्यांच्याकडे सॅन स्टॉर्म किंवा तशी दुर्मीळ गाडी आहे, त्यांनी आणखी एक करावं. टप अजून शाबूत असतानाच एखाद्या जाणत्या कुशनवाल्याकडून त्याचे कागदी बेत काढून घ्यावेत. बाकी पुष्कळ भाग इकडून तिकडून जमवता येतात, पण फाटलेल्या आणि आखडलेल्या टपावरून नेमका नवा टप बेतणं कोणालाच जमत नाही.

आणि गाडी कोणतीही असो, मे संपण्याआधी टपामागच्या पन्हळीत दोन्ही बाजूंना एकेक तांब्या पाणी ओता आणि खाली वाकून पाहा. दोन्हीकडून धार पडली तर गाडी पावसाला तयार आहे. एकीकडूनच पडली, तर बाकीची सगळी कामं बाजूला ठेवून आधी ती दुसरी नळी मोकळी करा.