बोलताना पाय का थांबतात?

स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी वृद्धनिवासातल्या ५८ जणांना सोबत घेऊन फेरफटका मारला आणि चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या. बहुतेक जण बोलत बोलत पुढे गेले. बारा जण मात्र उत्तर द्यायचं म्हटलं की जागीच उभे राहत. पुढच्या सहा महिन्यांत या बारांपैकी दहा जण कधी ना कधी पडले. १९९७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये हे निरीक्षण छापून आलं आणि म्हातारपणातल्या पडण्याकडे बघण्याची डॉक्टरांची नजरच बदलली.

घरात हे दृश्य ओळखीचं असतं. आजोबा जिना उतरत असतात, वरून नात हाक मारते, आणि ते कठडा धरून आधी थांबतात, मग “काय गं?” म्हणतात. आपण त्याला गुडघ्यांचं दुखणं समजतो. पण ओढाताण बरीचशी मेंदूची असते. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, आणि तळपाय-घोट्यांतल्या संवेदना. तरुणपणी या खबरांची जुळणी परस्पर होऊन जाते. वय वाढतं तशी नजर मंदावते, कानातल्या नाजूक केसपेशी कमी होतात, तळपायाला जमिनीचा अंदाज नीट येत नाही. मग साध्या चालण्यालाही लक्ष द्यावं लागतं, आणि त्यात गप्पांची भर पडली की लक्ष पुरत नाही.

म्हणजे नुसते पाय बळकट करून भागणार नाही. दोन-तीन कामं एकदम करण्याची मेंदूची सवय टिकवायला हवी.

जिनिव्हात ती सवय पियानोच्या सुरावर लावली जाते. एमिल जाक-डालक्रोझ हे तिथले संगीतशिक्षक. त्यांच्या विद्यार्थ्यांना लिहिलेली लय समजायची, पण अंगात उतरत नसे. म्हणून त्यांनी मुलांना खुर्च्यांवरून उठवलं आणि ताल पायांनी चालायला लावलं. शंभर वर्षांनंतर तीच पद्धत पासष्टीपुढच्या मंडळींसाठी वापरली गेली. वर्गात वादक मनाला येईल तसं वाजवतो. लय संथ झाली की पावलं संथ, जलद झाली की जलद. सूर बदलला की दिशा बदलायची. कधी हातात चेंडू असतो, कधी छोटं तालवाद्य. पुढचा बदल केव्हा येईल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे कान, डोळे आणि पाय सगळेच सावध राहतात.

जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १३४ जणांवर याची रीतसर चाचणी घेतली. आठवड्यातून फक्त एक तास, सहा महिने. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्ग करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होतं. दुसरं काही करता करता चालतानाही त्यांची पावलं अधिक एकसारखी पडू लागली होती. आठवड्याला एका तासाच्या मानानं ही कमाई थोडकी नाही.

मेंदू या वयात नवं शिकून बदलतो का, या शंकेला जर्मनीतून उत्तर मिळालं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू आलटूनपालटून हवेत झेलत ठेवायला तीन महिने शिकवलं गेलं. तरुणांच्या मानानं थोड्याच जणांना ते मिनिटभर जमलं. पण जे शिकले, त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हालचाल टिपणाऱ्या दृष्टिकेंद्राची आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसची वाढ दिसली. सराव थांबल्यावर तीन महिन्यांत ती वाढ ओसरली. सागरगोटे वर उडवून जमिनीवरचे टिपायचे आणि वरचा खाली पडायच्या आत झेलायचा, हे ज्या आज्यांनी लहानपणी केलंय, त्यांना या कौशल्याची जात वेगळी सांगायला नको.

नृत्याची गोष्ट थोडी जपून सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ जणांच्या पाहणीत, व्यायामाच्या प्रकारांपैकी फक्त नृत्याचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध आढळला. हा अभ्यास २००३ चा. मात्र ज्यांचा मेंदू आधीच थकू लागलाय ते नाच आपोआप सोडत असतील, ही शक्यता अशा पाहणीत उरतेच. म्हणून जर्मनीतल्या माग्डेबुर्गमधला प्रयोग मोलाचा वाटतो. तिथे ज्येष्ठांच्या एका गटाला सतत नव्या नृत्यरचना दिल्या, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम. दीड वर्षानंतर हिप्पोकॅम्पस दोन्ही गटांत वाढला होता. तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. गट लहान होते, तरी दिशा स्पष्ट आहे.

आता श्रावणातला एखादा हॉल डोळ्यांसमोर आणावा. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या मंडळांमध्ये साठी-सत्तरीच्या बायका हौसेनं उतरतात. झिम्म्यात समोरचीच्या हाताशी टाळी जुळवायची, वाकायचं, गिरकी घ्यायची, लगेच शेजारणीकडे वळायचं आणि तोंडानं गाणंही चालू ठेवायचं. जिनिव्हाच्या वर्गात जे घडवून आणावं लागतं, ते इथे खेळाच्या रचनेतच आहे. फुगडीचं शास्त्र वेगळं. जोडलेल्या पावलांवर मागे कलून दोघी एकमेकींचं वजन पेलतात. कानातल्या नलिकांमधला द्रव फिरू लागतो आणि थांबल्यावरही क्षणभर फिरतच राहतो, म्हणून हॉल गरगरतो. हाडं ठिसूळ असतील किंवा भोवळ येत असेल, तर फुगडी सोडावी. झिम्मा सावकाश, भिंतीजवळ खेळता येतो, आणि खुर्चीत बसूनही टाळ्यांची लय बदलता येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या विविध हालचाली सुचवल्या आहेत. तेव्हा श्रावण संपला म्हणून मंडळाचा सराव गुंडाळायचं कारण नाही.

तालमीत गाण्याची लय वाढत जाते. एखादीची टाळी हुकते, हात हवेतच राहतो. ती हसते, दोन ठोके थांबून लय पकडते आणि चुकली होती तिथूनच पुन्हा फेरात शिरते.