खळ्यावरची सर्दी आणि हिस्टामीन

मळणी यंत्र सुरू झाले की घरातल्या एखाद्याच्या शिंका थांबत नाहीत. नाक पाण्यासारखे वाहते, डोळे चुरचुरतात, ताप मात्र नसतो. कृषिविद्येच्या माणसाने नाकाबद्दल लिहावे याचे नवल वाटेल. पण या त्रासाचे मूळ पुष्कळदा खळ्यावरच्या भुशात किंवा १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजर गवतात असते.

ज्याला वावडे आहे, त्याच्या नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर त्या परागकणाला किंवा बुरशीला ओळखणारी प्रतिद्रव्ये आधीच बसलेली असतात. परागकणातील प्रथिन त्यांना चिकटताच काही मिनिटांत या पेशी हिस्टामीन बाहेर टाकतात.

अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यांची आतली बाजू चपट्या पेशींच्या एकाच थराने, फरशी बसवावी तशी, झाकलेली असते. हिस्टामीन या पेशींवरील 'एच-१' ग्राहीस्थानावर बसले की पेशीत कॅल्शियम वाढते. मग पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडते. त्यामुळे वाहिनीभोवतीचा स्नायू सैल पडून वाहिनी रुंदावते. शिवाय लहान शिरांतील पेशी अंग आखडतात आणि त्यांच्या सांध्यांत फटी पडतात. पाटाचे अस्तर उकलले की पाणी झिरपून शेजारचे रान चिबडते ना, तसेच इथे होते. रक्तातील द्रव बाहेर झिरपून अस्तर सुजते. नाक चोंदते ते मुख्यतः या सुजेने, म्हणून कितीही शिंकरले तरी मोकळे होत नाही. शिंका आणि खाज मात्र हिस्टामीनने मज्जातंतू चेतवल्यामुळे येतात.

हिस्टामीनविरोधी गोळी तेच ग्राहीस्थान अडवते. म्हणून ती त्रास सुरू होण्याआधी घेतलेली बरी. तिने शिंका व पाणी कमी होते, चोंदणे तितके नाही. सुजेत इतर द्रव्यांचाही हात असतो. क्लोरफेनिरामीनसारख्या जुन्या गोळीने झोप येते. ती घेऊन मळणी यंत्रात पेंढ्या सारायला कदापि उभे राहू नये. हात आत ओढला जायला एक डुलकी पुरते! लोराटाडीनसारख्या नव्या गोळीने झोप कमी येते. डॉक्टरांना तीच विचारावी. नाक मोकळे करणारे थेंब आठवडाभर सलग घातले, तर उलट नाक अधिक चोंदू लागते.

गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्याला वावडे आहे त्याला या कामाला लावू नये. मळणीच्या वेळी त्याने वारा येतो त्या बाजूस थांबावे, नाकातोंडावर दुपदरी कापड बांधावे. छातीत घरघर होऊ लागली तर काम सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.