चार पॉइंट

पूलच्या क्यूवरचे ते काळे, टोकदार पॉइंट मला बरीच वर्षं रंगवलेलेच वाटत होते. शिकागोजवळ एका म्हाताऱ्या क्यूवाल्याच्या गॅरेजात दोन शनिवार काढले, तेव्हा कळलं की ते कुणी रंगवतही नाही आणि कोरतही नाही. ते लेथवर उगवतात.

मेपलच्या दांडक्यावर चार बाजूंनी खाचा पाडायच्या, काटकोनात. प्रत्येक खाच बुडाशी खोल आणि वर जाता जाता उथळ होत संपणारी. तीत एबनीची चौकोनी पट्टी एक कड खाली करून बसवायची, मध्ये रंगीत व्हेनियरचे पापुद्रे. इपॉक्सी लावून वरून दोरी करकचून आवळायची. या घटकेला ते प्रकरण उसाच्या मोळीइतकं बेंगरूळ दिसतं. मग ते लेथवर चढतं, बाहेर आलेली एबनी झडत जाते, आणि गोलाई आली की काळ्याची कड निमुळती होत टोकाला येते.

याहून जुनी रीत म्हणजे दोन लाकडांची बोटं एकमेकांत गुंतवायची. ब्रन्सविकच्या टायटलिस्ट क्यू अशाच असत. सांध्यात बोल्ट नाहीच. ब्रुकलिनचा जॉर्ज बालाबुश्का त्याच तयार क्यू घेऊन त्यातून आपल्या घडवायचा. १९८६च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात बालाबुश्का म्हणून मिरवलेली क्यू मात्र जॉस कंपनीची होती, हे सांगताना म्हातारा खुशीत येतो.

खाचांच्या रीतीत मुठीचं लाकूड वेगळं असतं, ते आतून बोल्टने आणि गोंदाने जोडतात. तिथे जरा जरी पोकळी राहिली तरी फटक्याला क्यू गुणगुणते. पुढच्या शाफ्टची घाई तर मुळीच चालत नाही: थोडं कातायचं, आठवडेच्या आठवडे उभं टांगून ठेवायचं, वाकलं नसेल तर पुन्हा थोडं.

दुसऱ्या शनिवारी त्याने मला एक दांडकं दिलं. माझी तिसरी खाच मिलिमीटरच्या दहाव्या भागाने उथळ गेली होती. गोंदाखाली ते कुठे दिसणार? कातल्यावर दिसलं. तीन पॉइंट एका रेषेत, चौथा चांगला तीन मिलिमीटर आखूड.

‘अजून थोडं कातलं तर?’ मी विचारलं.

त्याने मुकाट्याने लेथ चालू केला. चारही पॉइंट सारखेच आखूड झाले. फरक होता तेवढाच राहिला.